वादळी दिवसांत किनाऱ्यावरून डॉल्फिन बघायचे असतील तर: नागपूरच्या नवख्यांसाठी

पहिले एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी नाराज व्हायला नको. वादळ चालू असताना किनाऱ्यावरून डॉल्फिन दिसत नाहीत. दिसले तरी ते डॉल्फिन होते की लाट होती हे छातीठोकपणे सांगता येत नाही. जे दिसतं ते दोन झोडप्यांच्या मधल्या उघडिपीत दिसतं, म्हणजे वारा पडलाय, आभाळ अजून काळंच आहे, समुद्र अजून लाल-तपकिरी आहे पण वरचा फेस बसलाय, असे दोनतीन तास मिळतात. सगळी तयारी त्या दोनतीन तासांसाठी करायची असते आणि त्यातली अर्धीअधिक नागपुरात घरी बसून होते.

आता पावसाळ्यातच काहून जायचं, दिवाळीत बोटी असतात ना, असं कोणी विचारेल. हाव, असतात. पण त्या ट्रिपा म्हणजे दहा बोटी एका पाठीमागे लागतात, इंजिनाचा आवाज, सेल्फी, आणि तासाभरात परत. जून ते ऑगस्ट पर्यटनाच्या बोटी बंद असतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते, त्यामुळे किनाऱ्यावर बसून बघणं एवढाच मार्ग उरतो आणि मला तोच जास्त आवडतो. जनावराला आपला त्रास नाही, आपल्याला त्याचा खर्च नाही.

नेमकं कोण दिसतं

कोकण किनाऱ्याला अगदी जवळ राहणारे दोघंच आहेत, बाकीचे खोल पाण्यातले.

एक हंपबॅक डॉल्फिन. अडीच मीटरच्या आसपास, शिशासारखा करडा रंग, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटासा पर, म्हणजे फिन. वर येताना आधी चोच तिरकी बाहेर येते, मग पाठ हळूच गोल फिरते, कधी शेपटीही वर येते. चारपाच जणांपासून दहाबारा जणांपर्यंत टोळी असते. उथळ पाण्यातच राहतो, खाडीच्या तोंडाशी तर हमखास, त्यामुळे किनाऱ्यावरून बघणाऱ्याचा खरा आधार हाच. जगभरात याची संख्या धोक्यात आलेली आहे, आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो ‘एन्डेंजर्ड’ आहे.

दुसरा फिनलेस पॉरपॉइज. दीड मीटरच्या आसपास, डोकं गोल, चोच नाही आणि पाठीवर पर पण नाही. एकटा किंवा जोडीनं असतो, उड्या मारत नाही, पाणी उडवत नाही. पाण्यात ट्रकची काळी ट्यूब जराशी फिरावी तसं काहीतरी दिसतं आणि संपलं. शांत समुद्रातही हा सुटतो, तर पावसाळ्यात नवख्या माणसानं याची आशा धरूच नये, दिसला तर बोनस समजा. कोणी ग्रुपवर टाकलं की ‘मोठ्या लाटांत तीन पॉरपॉइज पाहिले’, तर मी तरी मनातल्या मनात हसतो.

बाटलीसारख्या चोचीचे बॉटलनोज कधीमधी जवळ येतात, त्यांचा पर उंच आणि मागे वाकलेला असतो, खाली उंचवटा नसतो. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

पायरी पहिली: तारीख कॅलेंडरवर काढा

आपण तलावाची माणसं, भरती-ओहोटी आपल्या हिशोबात नसते. तिथं मात्र सगळं तिच्यावर चालतं. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याला पाऊणपट करायचं, जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि सकाळी आली तशीच संध्याकाळी येते, साधारण साडेबारा तासांनी. थोडंफार इकडंतिकडं होतं, पण नागपुरात बसून तारीख काढायला भरपूर आहे. नंतर त्या बंदराचं भरतीचं टेबल नेटवर बघून पक्कं करा.

आता यात गंमत अशी की पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी. वादळी दिवसांत आपल्याला भांगच पाहिजे. उधाणाच्या ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून नैऋत्येचा वारा, दोघं एकमेकांना भिडले की खाडीच्या तोंडावर पाणी नुसतं उकळून राहतं, त्यात हत्ती पोहला तरी दिसणार नाही. भांगाला हा प्रकार कमी होतो.

म्हणून अष्टमी ते दशमी. या तीन दिवसांत पूर्ण भरती सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान येते, म्हणजे उजाडताना पाणी चढत असतं किंवा चढून थांबलेलं असतं, आणि चढत्या पाण्याबरोबर माशांच्या मागे डॉल्फिन बऱ्याचदा खाडीकडे सरकतात. शिवाय सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो, कोकणचा समुद्र पश्चिमेला आहे ना, दुपारनंतर तोच सूर्य डोळ्यात आणि पाण्यावर नुसती चकाकी. शाळेतल्या भूगोलात ते खारे वारे आणि मतलई वारे होते ते आठवतात का, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, पावसाचा जोर ओसरला की तो पुन्हा जाणवायला लागतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी गुळगुळीत करतो. भर जुलैत मात्र नैऋत्येचा वारा त्याला दाबून टाकतो.

कोणत्या महिन्यातली अष्टमी? जून-जुलै नवख्यांसाठी नाही, पैसे आणि रजा दोन्ही वाया. माझी पसंती गोकुळाष्टमी. नारळी पौर्णिमा झालेली असते, मासेमारी १ ऑगस्टपासून सुरू झालेली असते, जाळ्यांच्या मागे डॉल्फिनही फिरू लागतात, आणि तरी मधूनमधून एखादी वादळी सर येतेच. गोकुळाष्टमी ते दशमी तिकडं काढा, निघा, पोळ्याच्या आत घरी, तान्हा पोळा आणि मारबत चुकत नाही. त्याच्या पुढची शुक्ल अष्टमी गणपती-गौरीत येते, तेव्हा कोकणात पाय ठेवायला जागा नसते आणि रेल्वेचं तिकीट तर विसराच. त्यानंतर पितृपक्षातली अष्टमी, ती पण मस्त, घरगुती राहायच्या जागा रिकाम्या असतात.

पायरी दुसरी: जागा

इथं बरेच जण फसतात. सुंदर लांबलचक बीच निवडतात आणि वाळूत उभे राहून बघतात. वाळूत उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून दीड-पावणेदोन मीटर वर असतो, त्याला क्षितिज साडेचार किलोमीटरवर दिसतं आणि मधल्या लाटांच्या आड निम्मं पाणी लपतं. वीस मीटर उंचावर गेलात की क्षितिज सोळा किलोमीटरवर जातं. तेवढ्या दूरचा डॉल्फिन काही दिसणार नाही, फायदा वेगळा आहे, वरून बघितलं की दोन लाटांमधली खळगी दिसते आणि जनावर त्या खळगीतच वर येतं.

उंचीनंतर आडोसा. पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेचा, म्हणून नकाशावर असं टोक शोधा जे समुद्रात घुसलंय आणि ज्याच्या उत्तरेला खाडीचं तोंड आहे. टोक वाऱ्याला अडवतं, उत्तरेचं पाणी त्यामानानं निवांत राहतं. आपल्या नशिबानं जुन्या किल्लेदारांनी हे काम करून ठेवलंय. अंजनवेलचा गोपाळगड वाशिष्ठीच्या तोंडावर दक्षिण काठाला, जयगड शास्त्री नदीच्या तोंडावर दक्षिण काठाला, विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या तोंडावर दक्षिण काठाला. त्यांना गलबतं बघायची होती, आपल्याला डॉल्फिन, जागा एकच. अंजनवेलला जवळच टाळकेश्वरचं दीपगृह आहे, तो सगळा कडा बघण्यासारखा आहे, फक्त तिथं वारा तोंडावर येतो म्हणून शांत दिवशीच.

मालवणला जाणाऱ्यांनी रॉक गार्डनच्या खडकांवर उतरून बघायची हौस करू नये, वरूनच बघा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम चांगला आहे पण जागा सखल, त्यामुळे दुर्बिणीपेक्षा नशीब जास्त लागतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चालू असेल तर तिथं थांबा, मासा किनाऱ्याला आलाय म्हणूनच रापण लागलीय, आणि मासा आहे तिथं हंपबॅक असू शकतो. रापणकारांशी बोला, ‘काका, गेल्या दोन दिवसांत दिसले का हो’ एवढं विचारलं की माणसं भरभरून सांगतात. कोणत्याही ॲपपेक्षा ही माहिती ताजी.

पोचायचं कसं

थोडक्यात. नागपूर-मडगाव स्पेशल गाडी चालू असेल तर तीच घ्या, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ सगळं एका गाडीत. नसेल तर विदर्भ किंवा दुरांतोनं मुंबई आणि तिथून कोकणकन्या, मांडवी, तुतारी जे मिळेल ते. अंजनवेलला चिपळूणहून, जयगडला रत्नागिरीहून, विजयदुर्गला कणकवली किंवा राजापूर रोडहून, मालवणला कुडाळहून. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून लागतं, गाड्या हळू चालतात, दरड आली तर अडकतात पण, म्हणून पोचण्याचा दिवस आणि बघण्याचा पहिला दिवस यात एक रात्र मोकळी ठेवाच.

सामान, आणि अंबाझरीवरचा सराव

दुर्बीण ८×४२ किंवा ७×५०, पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दहाच्या वरची घेऊ नका, वाऱ्यात हात हलतो आणि दहापट मोठं करून थरथरच बघत बसता. छत्री नेली तर ती पहिल्याच झोतात उलटी होणार, कंबरेच्या खालपर्यंत येणारा रेनकोट न्या, आत घाम येईल पण चालतं. सुती दुपट्टा नागपूरकरांकडे असतोच, तो इथं काच पुसायला कामी येतो, पण आधी बाटलीतल्या गोड्या पाण्यानं मीठ धुवा आणि मग टिपा, कोरड्या मिठावर घासलं तर काचेवर ओरखडे कायमचे. रात्री दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात, नाहीतर बुरशी धरते. मोबाईल झिपवाल्या पिशवीत. बसायला फोमचा तुकडा, कारण ओल्या जांभ्या दगडावर दोन तास बसणं म्हणजे काय ते बसल्यावरच कळतं.

सराव मात्र इथंच करून जा. अंबाझरी किंवा गोरेवाड्यावर वाऱ्याच्या दिवशी पाणकावळा शोधा, तो बुडी मारेल, तुम्ही सेकंद मोजा आणि तो कुठे वर येईल त्याचा अंदाज करून दुर्बीण आधीच तिथं लावा. सुरुवातीला दरवेळी चुकेल. आठवडाभरात डोळा बसतो. मोठ्या पाण्याची सवय पाहिजे तर गोसेखुर्दच्या धरणावर एखादा रविवार घाला, तिथं वारा सुटला की बऱ्यापैकी लाटा उठतात आणि दूरच्या पाण्यावर नजर टिकवायची कशी ते समजतं.

आदल्या रात्री अंदाज वाचा

दोन जागा बघायच्या. हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज. पिवळा असेल तर सावध राहून जा, नारंगी असेल तर गावात राहा, चहा प्या, लाल असेल तर खोलीतून बाहेर पडायचं नाही, विषय संपला. मच्छीमारांसाठीच्या सूचनेत ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वारे’ असं वाक्य दिसलं की दुसऱ्या दिवसाचं बघणं रद्द. बंदरात धोक्याचा बावटा लागलाय का तेही विचारा, गावात सगळ्यांना माहीत असतं.

लाटांच्या अंदाजात उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंद पण दिलेले असतात आणि नवखे ते बघतच नाहीत. दीड मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर ती दुरून आलेली लांब, गोल लाट आहे, पाणी वरखाली होतं पण त्याची पाठ गुळगुळीत राहते, अशात डॉल्फिन छान दिसतो, लाटेबरोबर लपतो आणि परत येतो. तीच दीड मीटर पाचसहा सेकंदांनी येत असेल तर ती तिथल्याच वाऱ्यानं उठवलेली खवळ, सगळीकडे टोकं आणि फेस. वाऱ्याचा आकडा ताशी १२ किलोमीटरच्या पुढे गेला की कुठेकुठे फेस दिसायला लागतो, २० च्या पुढे सगळा समुद्र ठिपक्याठिपक्यांचा होतो. २० च्या वर असेल तर झोपा काढा. पॉरपॉइजसाठी तर १२ च्या आत पाहिजे.

बसल्यावर काय करायचं

पहिली दहा मिनिटं दुर्बिणीला हात लावू नका, नुसतं पाणी बघा. गढूळ लाल पाणी कुठे संपतं आणि हिरवं कुठे सुरू होतं ती किनार शोधा, खाडीच्या तोंडाबाहेर पावसाळ्यात ती बऱ्याचदा स्पष्ट दिसते, फेस आणि कचरा तिथंच जमतो, मासेही तिथंच, आणि मासे खाणारेही. मग पक्षी. कुरव आणि सुरय एकाच जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर खाली माशांचा थवा आहे, त्या जागेला पाच मिनिटं द्या.

मग उघड्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे हळूहळू नजर फिरवायची, काही वेगळं वाटलं तरच दुर्बीण. दोघं असाल तर वाटून घ्या, एकानं दुर्बीण आणि एकानं डोळे, दर वीस मिनिटांनी अदलाबदल, नाहीतर डोळे थकतात आणि मग प्रत्येक लाटेला पाठ फुटते. जवळच्या पाचशे मीटर ते एक किलोमीटरच्या पट्ट्याला जास्त वेळ द्या, नवखे लोक क्षितिज बघत बसतात आणि हंपबॅक त्यांच्या पायाखालून जाऊन राहिला असतो.

काही काळं दिसलं तर दुर्बीण तिथंच ठेवा आणि मोजा. हंपबॅक साधारण मिनिटभर किंवा थोडा जास्त खाली राहतो आणि परत येतो, थोडा पुढे सरकून. म्हणून नियम साधा ठेवा: दुसऱ्यांदा दिसेपर्यंत डॉल्फिन म्हणायचं नाही. एकदाच दिसलं ते लाकूड, नारळाची झावळी, जाळ्याचा बोया, तेलाचा कॅन, पाणकावळा किंवा कासवाचं डोकं, यातलं काहीही असू शकतं, वादळानंतर समुद्रात हे सगळं भरपूर तरंगत असतं. तरंगणारी वस्तू लाटेबरोबर जागच्या जागी वरखाली होते आणि वाऱ्याच्या दिशेनं सरकते, जनावर स्वतःच्या दिशेनं जातं, वाऱ्याच्या उलटही जातं. बोय मासा उसळ्या मारतो त्यानं पण फसायला होतं, पण तो चकाकतो आणि छोटा असतो.

दोन तासांत काही नाही दिसलं तरी वर बघत राहा. मोठं वादळ समुद्रात होऊन गेलं की खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्याला फेकले जातात, मास्क्ड बूबी, फ्रिगेटबर्ड, काळसर सुरय, जे एरवी बोटीनं दूर गेल्याशिवाय दिसत नाहीत. आणि पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड तर किल्ल्यांच्या आसपास वर्षभर असतो. पक्षीवाल्या नागपूरकरांची ट्रिप इथंच वसूल होते बाप्पा.

जीव

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. लाटा सारख्या येत नाहीत, दहा मिनिटं शांत आणि मग तीनचार मोठ्या एकामागून एक. म्हणून बसायच्या आधी पंधरावीस मिनिटं खडक बघा, जिथपर्यंत खडक ओला आणि काळपट-हिरवा आहे तिथपर्यंत पाणी येतं, त्याच्या बरंच वर बसा. शेवाळलेल्या खडकावर आपले शहरी बूट टिकत नाहीत. किल्ल्याच्या तटाच्या अगदी कडेला जाऊ नका, पावसात जुने दगड सुटलेले असतात. वीज कडाडायला लागली की उंच टोकावर थांबायचं नाही, बघणं अर्धवट सोडा. भरतीत परतीची वाट बुडते का ते आधीच गावात विचारून ठेवा. कोणी पाण्यात ओढला गेला तर मागे उडी टाकू नका, दोरी किंवा रिकामा कॅन फेका आणि ११२ ला फोन लावा, तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

किनाऱ्यावर जनावर लागलेलं दिसलं तर

वादळानंतर हे होतं. डॉल्फिन, पॉरपॉइज, कासव, कधी मेलेलं, कधी जिवंत. जिवंत असेल तर आपल्या मनानं परत समुद्रात ढकलू नका, लाट त्याला पुन्हा आपटते आणि तुम्हालाही. शेपटी धरून ओढायचं तर अजिबात नाही. ओला कपडा पाठीवर टाका, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवा, त्यात पाणी-वाळू जाऊ देऊ नका, ऊन असेल तर सावली करा, गर्दी आणि कुत्री लांब ठेवा, आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. कासव असेल तरी हाच नंबर. मेलेलं असेल तर हात लावू नका, रोग लागू शकतो, फोटो काढा, शेजारी चप्पल किंवा बाटली ठेवून काढा म्हणजे लांबीचा अंदाज येतो. डॉल्फिन आणि पॉरपॉइज दोघंही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं, दात किंवा हाड आठवण म्हणून उचललं तरी गुन्हा होतो.

लिहून ठेवा

तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, वारा, किती दिसले, कोणत्या दिशेला गेले. पिल्लू असेल तर तसं. खात्री नसेल तर ‘डॉल्फिन, जात कळली नाही’ असंच लिहा, उगाच नाव ठोकून देऊ नका. मरीन मॅमल रिसर्च अँड कन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडिया अशा नोंदी गोळा करतं, त्यांना पाठवता येतात, आणि पावसाळ्यात बोटी बंद असल्यानं किनाऱ्यावरच्या माणसाची नोंद तशीही दुर्मिळ असते. किती वेळ बसलात ते लिहायचं विसरू नका, आणि काहीच दिसलं नाही तरी तेवढं लिहाच: अमुक टोकावर सकाळी सहा ते साडेआठ, वारा साधारण १५, काही नाही.